टेकावरचं दार

"दार निघणार नाही," प्रेमिला म्हणाली अन् उंबऱ्यावरच फतकल मारून बसली. अशी बसली का आतले आत राहिले, बाहेरचे बाहेर.

आत थोरला रविंद्र अन् धाकटी सून जया. बाहेर अंगणात प्रेमिलाचा बुढा प्रेमानंद, जयाची पोरगी मेघा, अन् मेघानं आणलेले दोन पाहुणे. रस्त्यावर टेम्पो उभा. टेम्पोवाल्याले रात्री जरीपटक्याच्या बाजारात दुसरं भाडं होतं, तो मधामधात हॉर्न मारे. मे महिन्याचं ऊन सकाळीच डोक्यावर येऊन बसलेलं.

"माय, एका दिवसाचा तं सवाल आहे," रविंद्र आतून म्हणे. "आजच परत आणून बसवून देतो ना."

"अन् तेवढ्यात तो आला तं? कोणतं दार पाहून घर ओळखन तो?"

 या घरात या सवालावर कोणी बोलतच नव्हतं. कोया नावाचा पाहुणा लक्षद्वीपचा, समुद्रातल्या बेटावरचा माणूस. तर्री-पोह्याची प्लेट घेऊन भिंतीशी उभा होता अन् त्याच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं. तर्रीनं का बुढीच्या बोलण्यानं, ते त्याचं त्यालेच माहीत.

दार त्या घराले शोभतच नव्हतं. घर दोन खोल्याचं अन् दार हे एवढं! बसवाले वरची भिंत फोडावी लागली होती. येणारा-जाणारा हसे, "काकाजी, हत्ती पाळता का?" पण ते दार करंजटोल्याचं होतं. प्रेमानंदचा बाप छप्पन साली नागपूरले येऊन दीक्षा घेऊन गावी गेला, तवा त्यानं पहिलं काम हेच केलं. जुनं बुटकं दार काढलं अन् सागाचं हे उंच दार बसवलं. म्हणे, आता या घरातून कोणी वाकून निघणार नाही अन् कोणी वाकून येणार नाही. प्रेमिला लग्न होऊन आली ती याच दारातून, ताठ मानेनं. पोरं जन्मली ती याच दाराच्या आड.

मंग धरण झालं. पाणी चढत आलं. गाव उठलं, टिनाच्या शेडमध्ये जाऊन बसलं. टिनाच्या शेडले कसलं आलं दार, पोत्याचा पडदा. प्रेमिलाले राहवलं नाही. धाकट्याले, धम्मानंदले म्हणाली, "बाबू, तेवढं दार घेऊन ये."

धम्मा डोंगा घेऊन गेला. दिवस बुडता बुडता दार आलं. एकटंच आलं, पाण्यावर आडवं पडून, कडी तशीच लागलेली. डोंगा सापडला दुसऱ्या दिवशी, पालथा. धिवरांनी जाळे टाकले, बाभळीचे बुडलेले शेंडे धुंडाळले, पण धम्मा नाही सापडला. मेघा तवा पाटीवर रेघोट्या मारायच्या वयाची होती. पुढं घर नागपूरले आलं, तं दारही संगं आलं.

तवापासून प्रेमिलाचा एक नेम. गावची रीत होती, बाहेरून कोणी आलं का दारात पहिले त्याच्या पायावर गडवाभर पाणी टाकाचं, मंगच आत घ्याचं. तसा ती रोज दिवेलागणीले पितळेचा गडवा भरून दाराबाहेर ठेवे. सकाळी ते पाणी मोगऱ्याले घाले. मेलेल्याच्या नावानं पाणी सोडतेत, ते जलदान काही तिनं होऊ देल्लं नाही. विहारातले भंतेजी दोनदा घरी येऊन गेले. तिनं त्यांच्या पाया पडून त्याईले खीर वाढली अन् म्हणाली, "भंते, ज्याले पाण्यानंच नेलं, त्याले वरून अजून पाणी द्या म्हणता?"

अन् जलदान नाही म्हणून जया विधवा नाही. गळ्यात काळी पोत, कपाळाले टिकली. हातातले काकण फुटले का प्रेमिला स्वतः बाजारात जाऊन हिरवे काकण आणे अन् सुनेचा हात मांडीवर घेऊन भरे. म्हणे, सवाशिणीचा हात रिकामा राहू नये. जयाही भरून घे. तिनं कधी हूं का चूं केलं नाही. प्रेमानंदले ते पाहवत नव्हतं, तो अशा वेळी बाहेर जाऊन बिडी पेटवे.

मागच्या दिवाळीनंतर मौद्याहून गिरिधरचा निरोप आला. गिरिधर करंजटोल्याचाच. वीज कारखान्यात कामाले, बायको जाऊन बरेच दिवस झालेले, माणूस सरळ. त्यानं रविंद्रजवळ जयासाठी विचारलं. प्रेमिलानं ऐकलं अन् एकच बोलली, "नवरा असलेल्या बाईले मागणी घालते का कोणी?" विषय तिथंच मेला. पण प्रेमानंदनं त्या दिवशी जयाकडं पाहिलं होतं. ती वांगे चिरत होती. बोट कापलं तरी तिचे हात थांबले नव्हते.

तर हे असं घर. अन् त्यात मेघाचं नाटक.

मेघा नाटकाचं शिकली अन् बेटाबेटानं फिरत सुटली. पहिल्यांदा तिनं सांगितलं तवा रविंद्र हसला होता. "तुह्या नाटकाले बेट लागते म्हणतं. नागपुरात बेट कुठून आणशीन वं? फुटाळ्याच्या तलावातून?"

"मोठे बाबा, आपलं गावच बेट झालं ना," पोरगी म्हणाली अन् रविंद्रचं हसू तिथंच वाळलं.

खरंच होतं. धरणात करंजटोल्याचा टेक तेवढा वर राहिला होता, चारी बाजूनं पाणी. अन् मे महिन्यात पाणी उतरलं का उतारावरच्या घरायचे जोतेही उघडे पडत. त्यात प्रेमानंदचंही जोतं होतं, अन् नाटकासाठी दार त्याच जोत्यावर उभं करायचं होतं.

नाटक कसं, तर जिथं गोष्ट घडली तिथंच करायचं. पडदा नाही, मांडव नाही. गावचे लोक अन् दुसऱ्या बेटावरचे लोक मिळून बसायचं, एकमेकाच्या गोष्टी ऐकायच्या, अन् मंग उभं राहायचं. कोयाच्या बेटावर वाळूत झालं. दुसरी पाहुणी सुचित्रा, तिच्या बेटावर, तिकडं बंगालमध्ये सुंदरबनात, बांधावर झालं. आता इथं. प्रेमानंदले हे लवकर समजलं. जन्मभर त्यानं खडी गंमतीत ढोलकी वाजवली होती. त्यातही काय होतं? मोकळी जागा, भवताल लोक, अन् उभ्यानं खेळ. पण मेघाचा एक कायदा त्याले नवा होता. आपलं दुःख आपण खेळायचं नाही. ते दुसऱ्या बेटाच्या माणसाले द्यायचं अन् त्याचं आपण घ्यायचं.

"काहून वं असं?" त्यानं विचारलं होतं.

"आबाजी, आपलं आपण कराले गेलो का नुसतं रडू येते. दुसऱ्याचं केलं का दिसते."

म्हणून जयाले आली सुचित्राची गोष्ट, अन् या दाराच्या गोष्टीत सुचित्रा प्रेमिलाचं काम करणार होती.

याच अंगणात तालीम चालली तवा घर डोक्यावर घेतलं होतं बुढीनं. जयानं गोष्टीत पोत काढून सुपात ठेवली, काकण उतरवले, टिकली पुसली. प्रेमिला आतून कढईसकट बाहेर आली. "काय करून राहिली तू? कोणाच्या सांगण्यानं?"

 सुचित्रा पुढं झाली. काळी, किडकिडीत, प्रेमिलाहून लहान पण केस पांढरे. तिनं आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "मौसी, हमारे उधर मरद जंगल जाता है ना, शहद लेने, तो हम लोग सब उतार देता है. सिंदूर, शंख का चूड़ी, सब. वो जिंदा है तब भी. जंगल देखता है, ये तो पहले से विधवा है, इससे और क्या लेगा. छोड़ देता है. मरद आता है तो फिर पहनता है."

प्रेमिलानं कढई खाली ठेवली.  मंग म्हणाली, "अन् तुहा माणूस आला का?"

"बहुत बार आया," सुचित्रा म्हणे. "फिर एक बार नहीं आया."

"मंग?"

"मंग क्या मौसी. उतारा हुआ था. उतारा ही रहा."

 त्या दिवशी जेवताना प्रेमिलानं सुचित्राच्या ताटात न मागता भाकर वाढली अन् वरून तेल-चटणी. तवापासून दोघी जमल्या. एकीले मराठी येत नाही, दुसरीले बंगाली नाही, पण दुपारभर लसूण सोलत बसत.

आता तीच सुचित्रा उंबऱ्यापाशी येऊन प्रेमिलाच्या बाजूले खाली मातीत बसली. 

"आत्याबाई," आतून जयाचा आवाज आला. हळू, पण साफ. "दार नाही नेलं तरी मी टेकावर जाते."

प्रेमिलानं मान वळवली. "जाय ना. कोणं धरलं तुले?"

"माय, ऐक," रविंद्र म्हणाला. इतके साल तो मायच्याच बाजूचा. सदर बाजारातल्या दुकानातून आला का मायचे पाय दाबणारा पोरगा. "गिरिधरही येणार आहे तिकडं. मीच बोलावलं त्याले."

"तुनं?"

"मीच."

"तू बी फुटला?"

"फुटलो नाही माय. पाहणं होत नाही आता. माही भावजय आहे का कोणी कैदी आहे?"

प्रेमिलानं प्रेमानंदकडं पाहिलं. सारेच फिरले तरी हा बुढा फिरणार नाही, हे तिले पक्कं माहीत होतं. लग्नापासून त्यानं तिची एक गोष्ट मोडली नव्हती.

प्रेमानंदनं हातातली बिडी अंगणातल्या चुलीत टाकली. कोपऱ्यातली लोखंडी पहार घेतली अन् दाराजवळ आला.

"सरक," तो म्हणाला.

"बुढ्या!"

"सरक वं. बोट सापडन तुह्ये." त्यानं पहारीचं टोक बिजागरीत घातलं. "माह्या बापानं केलं हे दार. ताठ जावाले केलं होतं. आपण याच्याआड माणसं कोंबून ठेवली."

बिजागरी करकरली. प्रेमिला उठली नाही, पण पाय जवळ घेतले. एक फळी निघाली, मंग दुसरी. चौकट हलली तवा वरची माती तिच्या पांढऱ्या केसात पडली अन् सुचित्रानं ती हातानं झटकली. घरात एकदम उजेड झाला, नको एवढा.

टेम्पोत दार आडवं टाकलं तवा प्रेमिला आत गेली, गडवा भरून आली, गडव्याच्या तोंडाले फडकं बांधलं. कोणाचा हात न घेता टेम्पोत चढली अन् दारावर जाऊन बसली.

"दार जाते तं मी बी जाते," ती म्हणाली. "चालव रे बापा. कायले पाहून राहिला?"

टेम्पोवाल्यानं दुपट्टा तोंडाले बांधला अन् गाडी काढली.

००

पाण्यापाशी जुने गावकरी आधीच आले होते. कोण शेडातून, कोण उमरेडच्या बाजूनं, कोणी नातवंडाले गाव दाखवाले आणलेलं. गाव म्हणजे काय, टेकावरचं एक पिंपळाचं झाड अन् उतारावर भेगाळलेली काळी माती. धिवरांच्या डोंग्यात बसून सारे टेकावर गेले. दार न्यावं कसं, तर कोया पुढं झाला. त्यानं दोन डोंगे बाजूबाजूले बांधले, वर दार ठेवलं, अन् लेकरू झोळीत न्यावं तसं हळूहळू नेलं. प्रेमिला टेकाच्या काठावरून पाहत होती. दार पाण्यावर चाललं तवा तिनं तोंडात पदर कोंबला.

प्रेमानंदले आपलं जोतं लगेच सापडलं. चुलीची जागा अजून काळी होती. न्हाणीचा दगड तिरपा झाला होता. चौकटीच्या खाचा चिखलानं भरलेल्या, त्या रविंद्रनं हातानं कोरल्या. बांबूचे टेकू देऊन दार उभं केलं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं दार. त्याच्यातून पलीकडं सारं पाणीच पाणी.

ऊन कललं अन् लोक भवताल बसले. प्रेमानंदनं ढोलकी ओढून मांडीवर घेतली. किती दिवसांनी चढवली होती, वाद्या कुरकुरत होत्या. ढोलकीवाल्याचं एक असते. तो नाचणाराच्या तोंडाकडं पाहत नाही, पायाकडं पाहते. तोंड खोटं बोलते. पाय उचलला का थाप पडली पाहिजे.

म्हणून त्यानं खेळ पाहिला तो पायायचाच. पहिली गोष्ट सुचित्राची. कोयाचे मोठे, फताडे पाय दारातून जंगलात गेले, मध आणाले. जयाचे पाय उंबऱ्यापाशी थांबले. काकण उतरल्याचा आवाज आला, सुपात पडले. मंग पोत.  इथं बसलेल्या सगळ्याईले माहीत होतं का हे काकण कोणाचे अन् कोणी भरलेले. मागं पिंपळाजवळ गिरिधर उभा होता, डोक्याले बांधलेला दुपट्टा सोडून त्यानं हातात घेतला.

प्रेमानंद वाजवत राहिला. हळू, जंगलाची चाल. मंग कोयाचे पाय परत दिसले, दाराच्या पलीकडून येणारे. आता जयानं पळत दाराशी जायचं, पोत घालायची, काकण घालायचे, अन् ढोलकीनं दुडकी चाल धरायची. तालमीत तसंच ठरलं होतं. त्यानं हात उचलला.

जयाचे पाय हलले नाही.

"मी आलो," कोयानं शिकवलेलं मराठी म्हटलं. थोडं थांबून परत म्हटलं, "मी आलो."

मेघा खाली बसलेली, ती अर्धी उठली. प्रेमानंदचा हात वरच राहिला.

"तुम्ही आले, कोयाभाऊ," जया म्हणाली. नाटकाच्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात. "सुचित्राबाईचं माणूसही पुष्कळ बार आलं. माहं नाही आलं." तिनं सूप उचललं अन् वळली. पाय चालत आले ते प्रेमिलासमोर येऊन थांबले. "आत्याबाई, मी रोज घालत आली. तुमच्यासाठी घालत आली. तुम्ही सांगान तं आताही घालते. जन्मभर घालते. पण तुमच्या तोंडानं सांगा, का तो येणार आहे म्हणून."

वाऱ्यानं दार जरासं हललं.  सुचित्रा प्रेमिला व्हावी म्हणून लुगडं नेसून तयार उभी होती, पण ती मागं सरकली.

प्रेमानंदनं मान वर केली नाही. त्याले भेव वाटलं. त्यानं फक्त पाय पाहिले. भेगाळलेल्या टाचा, करंगळीच्या शेजारचं वाकडं बोट. ते पाय उठले. सुपापाशी थांबले. काकण वाजले, म्हणजे तिनं हातात घेतले. आता भरते, त्याले वाटलं. आता हिचा हात धरून भरते अन् सगळं तसंच राहते.

काकण परत सुपात पडले.

पाय दाराकडं गेले. तवा कुठं त्यानं वर पाहिलं. प्रेमिला त्या उंच दारात उभी होती, पाठ सगळ्याईकडं, तोंड पाण्याकडं. गडव्याचं फडकं सोडत होती. गाठ निघेना. तिनं दातानं सोडली.

"धम्मा," तिनं हाक मारली. शेतातल्या पोराले जेवाले बोलवावं तशी. "धम्मा रे! ये बाबू. पाय धू."

अन् तिनं पाणी सोडलं. उंबऱ्याच्या बाहेर, बारीक धारेनं, जसं पायावर टाकतेत तसं. पहिले एका बाजूले, मंग दुसऱ्या. मधात थांबली, जसा कोणी एक पाय दुसऱ्या पायानं चोळून राहिला असावा अन् त्याले वेळ द्यावा. काळी माती पाणी पेत होती. गडवा रिकामा झाला तरी तिनं तसाच तिरपा धरून ठेवला.

"झाले धुऊन?" ती म्हणाली. "दार आणलं तू. मले भेटलं. लय मजबूत आहे." मंग तिचा आवाज अगदी खाली गेला, पण तिथं तो साऱ्याईले ऐकू आला. "आता आत नको येऊ. जाय माह्या राजा. थांबू नको आता."

मागून कोणी म्हाताऱ्यानं हळूच हात जोडले, मंग एकेकानं. प्रेमानंदची ढोलकी वाजली नाही. त्यानं दोन्ही पंजे चामड्यावर ठेवले अन् दाबून धरले, तिच्यातून आपोआप काही निघू नये म्हणून.

पुढची गोष्ट, दाराची, ती झालीच नाही. मेघानं केली नाही.

डोंगे परत निघाले तवा रविंद्रनं विचारलं, "माय, दार सोडू का टेकूतून? न्यायचं ना?"

"राहू दे," प्रेमिला म्हणाली. "पाणी चढन तवा जाईन ते त्याच्याजवळ. त्यालेच पाहिजे घर."

गिरिधर काठावर उभा होता.  त्यानं फक्त जयाले डोंग्यातून उतराले हात देल्ला अन् लगेच मागं घेतला. प्रेमिलानं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं नाही केलं. सरळ पाहिलं.

००

नागपूरले आले तवा गल्लीत दिवे लागले होते. दाराच्या जागी भिंतीत एक मोठं भगदाड होतं. शेजारची बाई राखण बसलेली, ती म्हणे, "काकी, दार कुठं?"  प्रेमानंदनं आतून चादर आणली, दोन खिळे ठोकाले लागला. खिळा वाकडाच जाये.

प्रेमिला सवयीनं आत गेली. गडवा घ्याले फडताळाकडं हात गेला. गडवा नव्हता, टेकावरच राहिला होता. ती तिथं उभी राहिली. प्रेमानंदले पाठमोरी दिसत होती, अन् त्याले वाटलं आता बसन ही, आता मोडन. त्यानं हातोडी खाली ठेवली.

पण ती स्टीलचा मग भरून बाहेर आली.

"जया," तिनं आवाज देल्ला. "तिथंच थांब."

जया भगदाडाच्या बाहेर उभी होती. हात रिकामे, गळा रिकामा, घोट्यापर्यंत करंजटोल्याचा काळा चिखल वाळून पांढरा झालेला.

"आत्याबाई, मी धुते ना."

"उभी राय वं." प्रेमिला खाली वाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घराच्या दारात कोणी वाकलं. तिनं सुनेच्या पायावर पाणी टाकलं, हातानं घोटा चोळला, बोटायच्या मधातली माती काढली. मातीचं पाणी अंगणातून मोगऱ्याकडं वाहत गेलं.

"मौद्याले जाशीन," ती मान खाली घालूनच म्हणाली, "तं असे चिखलाचे पाय घेऊन नको जाऊ. लोक म्हणतीन, माय नाही काय हिले."

जया खाली बसली. दोघीत तो मग लवंडला, अन् तो कोणी उचलला नाही.